समोरचा खरंच मेलाय का?

अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९८३ मध्ये व्हॅक्सक्लस्टर जाहीर केला. यंत्रं अनेक, डिस्क सामायिक. एक यंत्र पडलं की दुसऱ्याने काम उचलायचं. पण मधली तारच तुटली, तर दोन्ही बाजूंना समोरचा मेला असं वाटतं आणि दोघंही त्याच डिस्कवर लिहीत सुटतात. एकाच सातबाऱ्यावर दोन तलाठ्यांनी एकमेकांना न विचारता फेरफार घालावेत, तसला घोळ. कंपनीने तोडगा काढला मतांचा: अपेक्षित मतांत दोन मिळवा, निम्मे करा, अपूर्णांक सोडा. ज्या बाजूकडे तेवढी मतं नाहीत तिने गप्प बसायचं. दोनच यंत्रं असली की पंचाईत, म्हणून एका डिस्कलाही मत दिलं.

मायक्रोसॉफ्टने १९९७ मध्ये डिस्कवरच झुंज लावली. मालकाने दर ३ सेकंदांनी आपलं आरक्षण ताजं करायचं. आव्हान देणाऱ्याने डिस्कला जोडणारी बस रीसेट करून ते मोडायचं आणि वाट बघायची. मालक जिवंत असला तर पुन्हा हक्क सांगतोच. पुढे डिस्कजोडणीच्या स्कझी-३ मानकात रीसेटला न जुमानणारं आरक्षण आलं. यंत्राची नोंदवलेली किल्ली काढून घेतली की त्याचं लिहिणं डिस्कच नाकारते.

मी नोकरीभर दोन-दोन सर्व्हरच्या जोड्या सांभाळल्या. माझा कौल लिनक्सवाल्यांच्या 'स्टोनिथ'ला. शंका आली की समोरच्याची वीज तोडायची आणि तुटल्याची पोच येईपर्यंत डिस्कला हात लावायचा नाही. पद्धत रांगडी, पण रात्री तीनला फोन वाजतो तेव्हा मला तीच हवी असते. मेख एकच: वीज तोडणारं आयपीएमआय (सर्व्हरमधलं दूरनियंत्रण) बहुधा त्याच सर्व्हरच्या विजेवर चालतं. वीज गेली की तेही मुकं. पोच येत नाही आणि धडधाकट जोडीदार ताटकळत बसतो. म्हणून दुरून बंद करता येईल असा पीडीयू, म्हणजे वीजवाटप पट्टी, रॅकमध्ये हवाच. (खरेदी खात्याला हे पटवणं क्लस्टर उभारण्यापेक्षा अवघड.) शिवाय दोघांनी एकाच वेळी एकमेकांना पाडू नये, म्हणून एकाला काही सेकंद उशिरा वार करायला लावायचं.

विषम मतं ठेवली की झालं, असं म्हणणारे भेटतात. २१ ऑक्टोबर २०१८ ला गिटहबचं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं मुख्य डेटा सेंटर ४३ सेकंद तुटलं. उरलेल्या देखरेख यंत्रांनी रीतसर बहुमताने पश्चिमेकडचे डेटाबेस मुख्य केले. पूर्वेकडच्या काही नोंदी मात्र तिकडे पोचल्याच नव्हत्या. इथे वीज तोडूनही त्या परत आल्या नसत्या; दुसऱ्या किनाऱ्याची पोच न घेताच 'लिहिलं' असं सांगितलं जात होतं. सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली. गजबजलेल्या क्लस्टरांपैकी एकावर अशा ९५४ नोंदी निघाल्या.