लोदी रोड ते नोएडा : महासंगणकाच्या तारांचा इतिहास

१९८९ साली नवी दिल्लीत, लोदी रोडवरील मौसम भवनाच्या आवारात, अमेरिकेहून आलेला क्रे एक्स-एमपी/१४ हा महासंगणक कार्यान्वित झाला. नावातील १ हा अंक महत्त्वाचा आहे, कारण या यंत्रात प्रोसेसर एकच होता. भारताची मागणी दोन प्रोसेसरांच्या एक्स-एमपी/२४ची होती आणि तो बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेसाठी हवा होता. मिळाले ते धाकटे यंत्र, तेही हवामानाच्या कामापुरते. ही कथा आपल्याकडे स्वाभिमानाच्या अंगाने पुष्कळदा सांगितली जाते, पण तिची तांत्रिक बाजू सहसा निसटते. एकट्या प्रोसेसरला बोलायला दुसरे कोणी नसते, त्यामुळे त्याला जाळेही लागत नाही.

पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली नेमका उलटा मार्ग धरला. एक बलाढ्य प्रोसेसर मिळत नसेल, तर अनेक साधे प्रोसेसर एकत्र जुंपावेत. १९९१च्या परम ८००० मध्ये ६४ ट्रान्सप्युटर होते. ही इनमॉस कंपनीची ब्रिटिश चिप. प्रत्येक चिपला शेजाऱ्यांशी जोडणारे चार दुवे, आणि दर दुव्याचा वेग सेकंदाला जेमतेम २० मेगाबिट. चिप परकीयच होती. आपली होती ती मांडणी आणि काम वाटून देणारी प्रणाली. पुढे सी-डॅकने परमनेट ही स्वतःची जोडणीही घडवली. तिची सेकंदाला २.५ गिगाबिटची आवृत्ती परम पद्ममध्ये होती, आणि जून २००३च्या जागतिक यादीत तो १७१व्या स्थानी होता.

प्रोसेसर वाढले की खरी अडचण तारांची होते. प्रत्येकाला प्रत्येकाशी थेट जोडायचे म्हटले तर ६४ प्रोसेसरांना २,०१६ तारा पुरतात. १,०२४ झाले की हाच आकडा ५,२३,७७६ वर जातो. यावरचा तोडगा संगणकशास्त्राने टेलिफोन एक्सचेंजकडून घेतला. बेल प्रयोगशाळेतील चार्ल्स क्लॉस यांनी १९५३ साली दाखवले, की लहान स्विचांचे थर रचले तर थोड्या जोडण्यांतही कोणाचा मार्ग अडत नाही. १९८५ साली चार्ल्स लेझरसन यांनी संगणकासाठी ‘फॅट ट्री’ मांडला. या वृक्षाच्या फांद्या मुळाकडे जाताना जाड होत जातात, म्हणजे वर साठणाऱ्या वाहतुकीला जागा राहते. ६४ तोंडांचे स्विच घेतले तर दोन थरांत २,०४८ आणि तीन थरांत ६५,५३६ यंत्रे कोंडी न होता जोडता येतात. आजची बहुतेक मोठी जीपीयू-जाळी याच कल्पनेची नातवंडे आहेत.

तारांची लांबीही उपेक्षणीय नसते. नोव्हेंबर २००७ मध्ये जगात चौथा ठरलेला पुण्याचा एका हा टाटांचा महासंगणक जवळजवळ वर्तुळाकार मांडलेला होता.

जाळे कसे असावे, हे मात्र त्यावर चालणारे काम ठरवते. हवामानाच्या गणितात पृथ्वीचे चौकोन पाडून ते प्रोसेसरांना वाटून देतात. प्रत्येकाला मुख्यतः कडेची माहिती शेजाऱ्याशी बदलायची असते. २०१८ साली नोएडाच्या राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्रात आलेला मिहिर हा क्रे एक्ससी-४० असेच काम करी. त्याच्या ‘ड्रॅगनफ्लाय’ जाळ्यात स्विचांचे गट करून गटागटांत लांब दुवे टाकलेले होते.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणात शेजारी पुरत नाही. दर पावलाला प्रत्येक जीपीयूने काढलेल्या दुरुस्त्या सर्वांच्या मिळून एकत्र कराव्या लागतात, आणि सर्वांत मंद दुवा साऱ्यांना थांबवून ठेवतो. सी-डॅकच्या परम सिद्धी-एआयमध्ये (२०२०) अशा ४२ पेट्या आहेत, प्रत्येकीत आठ जीपीयू. पेटीच्या आत एका जीपीयूला दोन्ही दिशा मिळून सेकंदाला ६०० गिगाबाइटचा मार्ग असतो. बाहेर पडणारा २०० गिगाबिटचा दुवा त्याच हिशेबाने केवळ ५० गिगाबाइट देतो. ही बारा पटींची दरी लक्षात घेऊन अशा समूहांत प्रत्येक पेटीतील पहिला जीपीयू एका स्विचला, दुसरा दुसऱ्याला, अशी जोडणी करण्याची रीत आहे. मग बरीचशी देवाणघेवाण वरच्या थरापर्यंत जातच नाही.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने प्रगत जीपीयूंच्या निर्यातीवर देशवार मर्यादा घालणारा नियम काढला, त्यात भारतही होता. तो लागू होण्याच्या तोंडावर, मे महिन्यात, मागे घेतला गेला. १९८९ साली प्रोसेसर मोजले गेले, आता जीपीयू. चिपच्या बाबतीत आपण तेव्हाही परावलंबी होतो आणि आजही बव्हंशी आहोत. तारांच्या बाबतीत मात्र निवडीला वाव होता, आणि परमनेटनंतर तो आपण पुरेसा वापरला नाही, असे माझे मत आहे. नोएडात सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्रार्पण झालेला ८.२४ पेटाफ्लॉपचा अरुणिका परदेशी इन्फिनिबँड जाळ्यावर चालतो.

सी-डॅकने आता त्रिनेत्र ही जोडणी विकसित केली आहे. तिची १०० गिगाबिटची आवृत्ती पुण्यातील एक पेटाफ्लॉपच्या परम रुद्रमध्ये तपासून झाली. २०० गिगाबिटची पुढची आवृत्ती बंगळूरच्या २० पेटाफ्लॉपच्या यंत्रासाठी योजलेली आहे.