उखळात सापडलेला इतिहास

कच्चं केळं सोलायचं तर आधी हाताला तेल लावावं लागतं. नाहीतर चीक चिकटतो आणि बोटं काळी पडतात. साल हातानं निघत नाही. सुरीनं उभे छेद देऊन काढावी लागते. कापलेल्या फोडी लगेच पाण्यात टाकाव्या लागतात. हे कोकणात काप करणाऱ्यांना माहीत आहे, केरळमध्ये नेंद्रनचे वेफर तळणाऱ्यांना माहीत आहे आणि पार कॅरिबियन समुद्रातल्या प्वेर्तो रिकोतही घरोघरी माहीत आहे.

हे साम्य बघून लगेच भारावून जायचं कारण नाही. चीक सगळीकडे सारखाच असतो, त्यामुळे उपायही सारखे निघतात. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. एकच बग दहा जणांना दिला, तर त्यातले आठजण न बोलता एकच उत्तर शोधतात. कुणी कुणाची नक्कल केलीय हे ओळखायचं असेल, तर वेगळं काहीतरी शोधावं लागतं: जे करायची गरज नव्हती, तरी केलं गेलं.

केळ्याच्या बाबतीत असं एक काम आहे. कुटणं.

आधी फळाची ओळख करून घेऊ. इंग्रजीत ज्याला प्लँटेन म्हणतात ते लांब, पिठूळ, शिजवून खायचं केळं. केरळचं नेंद्रन आणि आपल्या वसईकडचं राजेळी ही त्याच कुळातली. राजेळी पिकवून, वाळवून आगाशीची सुकेळी होतात. लिनियसनं १७५३ साली या केळ्याला ‘मुसा पॅराडिसियाका’ असं शास्त्रीय नाव दिलं. पुढे विसाव्या शतकात कळलं की ही स्वतंत्र जात नसून दोन रानटी जातींचा संकर आहे. या संकराला बी धरत नाही. झाडाच्या बुडाशी फुटलेला मुनवा उपटायचा आणि दुसरीकडे लावायचा, हाच त्याच्या वाढीचा मार्ग.

याचा अर्थ असा, की हे केळं पक्ष्याच्या पोटातून किंवा वाऱ्यावरून कुठे जाऊच शकत नाही. ते जिथे जिथे आहे, तिथे कुणीतरी मुनवा किंवा कंद हातात धरून नेलेला आहे. त्याचा इतिहास म्हणजे नेणाऱ्या हातांचा इतिहास.

केळं मूळचं आग्नेय आशिया आणि न्यू गिनीच्या पट्ट्यातलं. न्यू गिनीत कुक नावाच्या दलदलीत सुमारे सात हजार वर्षांपूर्वीच्या केळीच्या लागवडीचे पुरावे मिळाले आहेत. तिथून ते आफ्रिकेत गेलं. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेच्या दमट जंगलपट्ट्यात आज प्लँटेनचे शंभराहून जास्त प्रकार आहेत. बी नसलेल्या पिकात इतके प्रकार तयार व्हायला शेतकऱ्यांच्या कित्येक पिढ्या जाव्या लागतात.

अमेरिकेच्या बाजूला केळं कुणी नेलं, याचं उत्तर मात्र कागदावर आहे. ओविएदो या स्पॅनिश इतिहासकारानं लिहून ठेवलंय, की तोमास दे बेर्लांगा या पाद्र्यानं १५१६ साली कॅनरी बेटांवरून केळं सांतो दोमिंगोला आणलं. हाच बेर्लांगा पुढे पनामाचा बिशप झाला आणि १५३५ मध्ये भरकटत गॅलापागोस बेटांना लागला. नाव, साल, बेट, सगळी नोंद चोख.

पण मुनवा आणला म्हणजे स्वयंपाक आला असं होत नाही. त्यानंतरच्या साडेतीनशे वर्षांत सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसांना गुलाम करून जहाजांत कोंबलं गेलं. त्यांच्यातले लाखो जण वाटेतच मेले. जे कॅरिबियन बेटांवर उतरले, त्यांना उसाच्या मळ्यांवर जुंपलं गेलं. एकदा लावली की मुनवे देत राहणारी, वर्षभर घड धरणारी केळ ही त्यांचं पोट भरण्याचा स्वस्त मार्ग ठरली. या माणसांची पाककृती कुणी लिहून घेतली नाही.

ती उखळात राहिली. घानात उकडलेला कसावा आणि हिरवं केळं एकत्र कुटून चिवट गोळा करतात आणि तो रश्श्यात बुडवून खातात. त्याला फुफू म्हणतात. क्यूबात उकडलेलं केळं कुस्करून लसूण आणि डुकराच्या कुरकुरीत चरबीबरोबर खातात. त्याचं नाव फुफूच. प्वेर्तो रिकोत हिरवं केळं तळून, ‘पिलोन’ नावाच्या लाकडी उखळात लसणीबरोबर कुटतात, त्याचा घुमट करतात आणि सोबत रस्सा देतात. ते मोफोंगो.

कुणी म्हणेल, उखळ काय, सगळीकडेच असतं. खरं आहे. कॅरिबियनच्या मूळ टाइनो लोकांकडेही होतं. पण उखळ आपल्याकडेही होतं, आणि केळंही. आपण काप केले, भाजी केली, उपवासाचे वेफर केले. मल्याळी लोकांनी गुळात घोळवलेली शर्करा वरट्टी केली, पिकलेल्या नेंद्रनची पळमपोरी तळली. कुस्करून कोफ्तेही झाले. पण रश्श्याबरोबर जेवायचा कुटलेला गोळा आपल्या जेवणाचा आधार झाला नाही. म्हणजे केळं आणि उखळ शेजारी असले की फुफू आपोआप होत नाही. ते येणारी माणसं यावी लागतात.

प्वेर्तो रिकोत गुलामगिरी १८७३ मध्ये कायद्यानं संपली, क्यूबात १८८६ मध्ये. त्याआधी त्या स्वयंपाकघरांत राबलेल्या बहुतेक बायकांची खरी नावं कुठल्याही वहीत नाहीत. मळ्याच्या हिशेबात त्यांची नोंद असलीच तर मालकानं ठेवलेल्या नावानं, किमतीसकट. बेर्लांगाचं नाव ओविएदोनं जपलं. यांचं काहीच जपलं गेलं नाही असं मात्र नाही. क्यूबातल्या घरात आज कुणी ‘फुफू’ म्हणतं, तेव्हा तो शब्द त्यांनीच आणलेला असतो.