दोन शजरे : लीवाय आणि कॅथरीन कॉफिन यांच्या घराची गोष्ट

उर्दूत वंशावळीला 'शजरा' म्हणतात. शब्द अरबी आहे आणि त्याचा साधा अर्थ झाड. खानदानाचा शजरा जपून ठेवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. हेळव्यांच्या चोपड्या आणि भाटांच्या वह्या हे त्याचेच प्रकार. पण शजरा टिकायला दोन गोष्टी लागतात. एक, लिहिणारा. दुसरी, तुमचं नाव लिहिण्याजोगं आहे असं त्या लिहिणाऱ्याला वाटणं. कोणत्याही समाजात कोणाची नावं कागदावर आली आणि कोणाची आली नाहीत, यावरून त्या समाजाची बरीच ओळख होते. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतील एका खेड्यातल्या जोडप्याची गोष्ट याच अंगाने पाहण्यासारखी आहे.

लीवाय कॉफिन यांचा जन्म 28 ऑक्टोबर 1798 रोजी नॉर्थ कॅरोलायनातील न्यू गार्डन या वस्तीत झाला. सहा बहिणींमध्ये एकुलता एक भाऊ. घराणं क्वेकर पंथाचं. त्यांचे पूर्वज ट्रिस्ट्रॅम कॉफिन 1642 मध्ये इंग्लंडमधील डेव्हनहून अमेरिकेत आले आणि पुढे नँटकेट बेटावर वसले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात या घराण्याची एक शाखा दक्षिणेकडे न्यू गार्डनला आली.

एवढ्या पिढ्यांचा हिशेब आज सांगता येतो, कारण क्वेकर मंडळी नोंदींच्या बाबतीत फार काटेकोर होती. त्यांच्या मासिक सभेच्या वहीत जन्म, लग्न, मृत्यू लिहिले जात. कुटुंब दुसऱ्या गावी गेलं तर जुन्या सभेचा दाखला नव्या सभेकडे द्यावा लागे, आपल्या शाळेतल्या दाखल्यासारखाच. हे लोक साधे कपडे घालत, शपथ घेत नसत, आणि भाषेतही लहानमोठा भेद मानत नसत. न्यायाधीश असो की नोकर, सगळ्यांना 'तू'च म्हणायचं. 'आप', 'तुम' आणि 'तू' यांचा तोल सांभाळणाऱ्या आपल्याला याचं विशेष वाटेल. पण ती केवळ बोलण्याची लकब नव्हती. माणूस म्हणून सगळे सारखे, ही श्रद्धा त्यामागे होती. म्हणूनच 1776 मध्ये फिलाडेल्फियाच्या क्वेकर सभेने आपल्या सभासदांना गुलाम बाळगण्याची मनाई केली होती.

लीवाय सात वर्षांचे असताना रस्त्याने साखळदंडात बांधलेल्या गुलामांचा तांडा गेला. तुम्हाला का बांधलंय, असं वडिलांनी विचारलं. आम्हाला बायकामुलांपासून तोडलंय, आम्ही पळून त्यांच्याकडे जाऊ नये म्हणून बांधलंय, असं उत्तर आलं. माझ्या अब्बांना कोणी असं ओढून नेलं तर, हा विचार कोणत्याही मुलाच्या मनात येईल. तो त्या मुलाच्या मनातही आला. म्हातारपणी लिहिलेल्या आठवणींत त्यांनी आपल्या कामाचं मूळ याच प्रसंगात सांगितलं आहे.

1821 मध्ये त्यांनी चुलतभाऊ व्हेस्टल यांच्याबरोबर गुलामांसाठी रविवारची शाळा काढली. बायबल वाचता यावं एवढाच हेतू. पण गुलामांच्या मालकांना भीती वाटली आणि त्यांनी आपल्या माणसांना येऊ देणं बंद केलं. शाळा बंद पडली. अक्षरओळख झालेला माणूस ताब्यात राहत नाही, हे मालकांना नेमकं कळत होतं.

28 ऑक्टोबर 1824 रोजी, लीवाय यांच्या सव्विसाव्या वाढदिवशी, त्यांचं लग्न कॅथरीन व्हाइट यांच्याशी झालं. त्याही क्वेकर घरातल्या. पुढच्या वर्षी मुलगा जेसी जन्मला आणि 1826 मध्ये हे कुटुंब इंडियाना राज्यातील न्यूपोर्ट या खेड्यात आलं. ओहायो नदीच्या उत्तरेच्या प्रदेशात 1787 च्या कायद्याने गुलामगिरीला मनाई होती, म्हणून दक्षिणेतली असंख्य क्वेकर कुटुंबं तिकडे निघाली होती. लीवाय यांनी दुकान टाकलं, पुढे जवसाच्या तेलाची घाणी काढली, आणि काही वर्षांत ते गावातले भरभराटीचे व्यापारी झाले.

न्यूपोर्टमध्ये मुक्त काळ्या माणसांचीही वस्ती होती. नदी ओलांडून पळून आलेले गुलाम त्यांच्याकडे आसरा घेत, पण पाठलाग करणारे आधी तिथेच पोहोचत आणि अनेकजण पकडले जात. 1826-27 च्या हिवाळ्यापासून कॉफिन दांपत्याने आपलं दार उघडलं. सिनसिनाटी, मॅडिसन आणि जेफरसनव्हिल इथून येणाऱ्या तीन गुप्त वाटा त्यांच्या घरापाशी मिळत. यालाच पुढे 'भूमिगत रेल्वे' हे नाव पडलं. तिथे रूळ नव्हते, डबे नव्हते; होती ती माणसं आणि रात्रीच्या घोडागाड्या.

रात्री दारावर हलकी थाप पडे. लीवाय उठून पाहुण्यांना आत घेत, खिडक्या झाकत, विस्तव पेटवत. कॅथरीन कितीही वाजले असले तरी स्वयंपाकाला लागत. कधी दोघं, कधी दहा-बारा माणसं, थंडीने काकडलेली, अनवाणी. गावातल्या बायका कॅथरीन यांच्या घरी जमून या लोकांसाठी कपडे शिवत. सगळे त्यांना 'आंट केटी' म्हणत, म्हणजे आपल्या भाषेत केटीमावशी. 1839 मध्ये बांधलेल्या त्यांच्या विटांच्या घरात माडीवर छपराखाली लपायची जागा होती. तिच्या छोट्या दारापुढे पलंग सरकवला की दार दिसत नसे. विहीर घराच्या तळघरातच होती, म्हणजे या घराला पाणी इतकं का लागतं, हे बाहेरच्याला कळू नये. लीवाय यांच्या अंदाजानुसार वर्षाला सरासरी शंभर माणसं या घरातून पुढे गेली, आणि हे वीस वर्षं चाललं.

किंमत मोजावी लागलीच. सुरुवातीला गिऱ्हाइकांनी दुकानाकडे पाठ फिरवली. त्याहून मोठा घाव आपल्याच लोकांनी घातला. इंडियानाच्या क्वेकर सभेला गुलामगिरी नको होती, पण उघड चळवळही नको होती. 1843 मध्ये कॉफिन दांपत्याला आणि त्यांच्या सोबत्यांना वेगळी सभा काढावी लागली. तत्त्व सगळ्यांना मान्य, पण त्यासाठी गैरसोय सोसायला फारसं कोणी तयार नाही, हा अनुभव कोणत्याही जमातीतल्या सुधारकाला ओळखीचा वाटेल.

1847 मध्ये ते सिनसिनाटीला गेले आणि गुलामांच्या श्रमाचा हात न लागलेला कापूस आणि साखर विकणारी वखार चालवू लागले. माल महाग पडे, प्रतही कमी. दहा वर्षांनी तो व्यवसाय सोडावा लागला, पण पळून आलेल्यांना आसरा देणं थांबलं नाही. हॅरिएट बीचर स्टोव्ह यांच्या 'अंकल टॉम्स केबिन' या 1852 च्या कादंबरीतील हॅलिडे दांपत्य याच दोघांवरून घेतलं आहे, असं मानलं जातं. यादवी युद्धाच्या काळात मुक्त झालेल्यांसाठी लीवाय 1864 मध्ये इंग्लंडला गेले आणि त्यांच्या प्रयत्नांतून वर्षभरात एक लाख डॉलरहून अधिक निधी उभा राहिला.

आता पुन्हा शजऱ्याकडे येऊ. 1850 पूर्वीच्या अमेरिकन जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहीत. म्हणजे 1830 आणि 1840 मध्ये शेकडो माणसांना जेवू घालणाऱ्या कॅथरीन सरकारी कागदावर एक आकडा होत्या. 1850 मध्ये घरातल्या प्रत्येकाचं नाव आलं, पण ते मुक्त माणसांपुरतंच. गुलामांसाठी वेगळी यादी होती. तिच्यात मालकाचं नाव आणि त्याखाली वय, लिंग, रंग. गुलामाचं नाव नाही. मुक्त झालेल्या सर्वांची नावं प्रथम 1870 मध्ये लिहिली गेली. आजही आपल्या पूर्वजांचा शोध घेणारे आफ्रिकन-अमेरिकन त्या वर्षाला भिंत म्हणतात. त्याच्या मागे जाणारी वाट बहुधा मालकांच्या मृत्युपत्रांतून आणि विक्रीच्या कागदांतून काढावी लागते.

एकाच छपराखाली एका रात्री दोन प्रकारची कुटुंबं झोपत होती. एकाची मुळं दोनशे वर्षं मागे मोजता येत होती, दुसऱ्याचं झाड दर लिलावात तोडलं जात होतं. म्हणूनच मला वाटतं, त्या घराने पळालेल्यांना फक्त जेवण आणि आसरा दिला नाही; आपला शजरा पुन्हा सुरू करण्याची संधीही दिली.

जोतीराव फुले यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला. त्या अर्पणपत्रिकेत नावं नाहीत. पण ती लिहिली जात होती तेव्हा लीवाय आणि कॅथरीन हयात होते, आणि अर्पण झालं ते अशाच माणसांना.

लीवाय 1877 मध्ये गेले. त्यांची शवपेटी वाहणाऱ्या आठ जणांपैकी चार काळ्या समाजातले होते. कॅथरीन 1881 मध्ये गेल्या. सिनसिनाटीच्या स्प्रिंग ग्रोव्ह दफनभूमीत त्यांच्या कबरीवर बरीच वर्षं खूण नव्हती. 1902 मध्ये शहरातल्या काळ्या समाजाने तिथे स्मारकशिळा उभी केली. ज्यांची नावं लिहायला कोणी तयार नव्हतं, त्यांनी आपल्या मेजबानांचं नाव दगडावर कोरून ठेवलं.