पानांवाटे पिकाचे पोषण : तंजावरच्या उडदाची पद्धत

भोसले घराण्याच्या राजधानीमुळे मराठी वाचकांना परिचित असलेले तंजावर हे कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील प्रमुख भातक्षेत्र आहे. मेट्टूर धरणाचे पाणी येथे प्रथेनुसार 12 जूनला सोडले जाते आणि 28 जानेवारीला बंद होते. त्यानंतर शेतात उरते ती केवळ ओल. या ओलीवर उडीद आणि मूग ही दुसरी पिके घेतली जातात.

भाताच्या कापणीपूर्वी सुमारे 7 ते 10 दिवस, उभ्या पिकातच उडदाचे बी फेकून पेरतात. नांगरणी होत नाही आणि सहसा ओलीतही नसते. त्यामुळे खत मातीत मिसळता येत नाही. वर टाकले तरी कोरड्या पृष्ठभागावर ते विरघळत नाही व मुळांपर्यंत पोहोचत नाही. नेमके फुलोऱ्याच्या वेळी अन्न कमी पडल्यास फुले गळतात आणि शेंगा पोचट राहतात. यावर तमिळनाडू कृषी विद्यापीठाने पानांवर पोषक द्रावण फवारण्याची शिफारस केली आहे. भातानंतरच्या या कडधान्यांवर तंजावर जिल्ह्यातीलच आडुतुरै येथे संशोधन होते. तेथील केंद्र 1922 साली सुरू झाले आणि 1985 मध्ये तमिळनाडू भात संशोधन संस्था म्हणून त्याचा दर्जा वाढविण्यात आला.

द्रावण कसे तयार करतात?

हेक्टरी 10 किलो डीएपी 25 लिटर पाण्यात रात्रभर भिजत ठेवतात. सकाळी वरची निवळी कापडातून गाळून घेतात, कारण तळाचा गाळ पंपाच्या तोंडात अडकतो. ही निवळी 475 लिटर पाण्यात मिसळली की सुमारे 2 टक्क्यांचे द्रावण मिळते. पहिली फवारणी फुलोरा येताना आणि दुसरी त्यानंतर 15 दिवसांनी केली जाते. डीएपीमध्ये 18 टक्के नत्र आणि 46 टक्के स्फुरद असते. विद्यापीठाचे ‘पल्स वंडर’ हे कडधान्यांसाठीचे मिश्रण हेक्टरी 5 किलो या प्रमाणात वापरतात. त्यात अन्नद्रव्यांबरोबर वाढनियंत्रकेही असतात.

फवारणी दुपार टळल्यावर करणे हितकारक ठरते. थेंब पानावर अधिक वेळ ओले राहतात व शोषण चांगले होते. भर उन्हात पाणी उडून जाते, क्षार पानावर साचतात आणि पान करपू शकते. द्रावण अधिक तीव्र केल्यानेही हीच हानी होते.

मातीविना शेतीशी फरक

हायड्रोपोनिक्स किंवा मातीविना शेतीत मुळे थेट द्रावणातून अन्न घेतात. 1946 मध्ये शोल्टो डग्लस यांनी बंगालमधील कालिम्पाँग येथे तिचे प्रयोग सुरू केले होते. वनस्पतीला लागणाऱ्या 17 मूलद्रव्यांपैकी कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजन हवा आणि पाण्यातून मिळतात. उरलेली 14 द्रावणातूनच पुरवावी लागतात आणि द्रावणाचा सामू साधारण 5.5 ते 6.5 राखावा लागतो. तंजावरच्या उडदाला मात्र बहुतांश अन्न मातीतूनच मिळते, तर नत्राचा मोठा वाटा मुळांवरील गाठींतील जिवाणू पुरवितात. फवारणी ही पूरक मात्रा आहे, ओलाव्याला पर्याय नाही. म्हणूनच भाताची कापणी लांबून ओल सरली, तर उत्तम द्रावणही पीक तारू शकत नाही. वेळेवर झालेली पेरणी हीच या दुसऱ्या पिकाची खरी हमी आहे.