करंजी

पिठाच्या पातळ पारीत सारण भरून, अर्धचंद्रासारखी मिटवून तळलेला किंवा वाफवलेला पदार्थ. गोव्यात व कोकणच्या काही भागांत हिला नेवरी म्हणतात; कानोला, कानवला हे तिचे जवळचे भाऊबंद. दिवाळीच्या फराळात लाडू-चिवड्याशेजारी ती मुकाट्याने बसते, पण सुगरणीची परीक्षा खरी हीच घेते.

पारीत सारण भरून तळण्याच्या पद्धतीचा जुना लेखी पुरावा तिखट प्रकारांचा जास्त आहे. १०व्या शतकात बगदादमध्ये सिद्ध झालेल्या अल-वर्राकच्या पाकग्रंथात समोशाचा पूर्वज ‘संबूसज’ आढळतो. १४व्या शतकात इब्न बतूताने मुहम्मद बिन तुघलकाच्या दरबारातल्या समोशाचे वर्णन केले आहे : आत खिमा, बदाम, पिस्ते, कांदा आणि मसाले. मांडूच्या सुलतानांसाठी १५००च्या सुमारास तयार झालेल्या ‘निमतनाम्या’त समोशाच्या अनेक कृती आहेत. करंजीला असा राजाश्रय मिळाला नाही. तिचा इतिहास पाकग्रंथांपेक्षा व्रतवैकल्यांत आणि सणावारांत शोधावा लागतो.

गौरी-विसर्जनाच्या दिवशी मुरडीच्या कानोल्याचा नैवेद्य दाखवतात, गौरीने मुरडून पुन्हा यावे म्हणून. नवरात्रात देवीवर बांधायच्या फुलोऱ्यात कडाकण्यांबरोबर करंज्याही टांगतात. गणपतीच्या उकडीच्या मोदकांसोबत एक तरी करंजी वाफवायची चाल अनेक घरांत आहे. मोदक भाऊ, करंजी बहीण. नागपंचमीला चिरणे-तळणे वर्ज्य मानणाऱ्या घरांत पुरणाची दिंडे किंवा कानोले वाफवून करतात.

करंजीचे प्रकार सारणाच्या चवीवरून सांगण्याचा प्रघात आहे. ती किती दिवस टिकायला हवी, यावरून ते जास्त नीट उलगडतात. किनारपट्टीवर ओल्या नारळाचे सारण साखर किंवा गूळ घालून शिजवतात. ही करंजी चवीला सर्वांत सरस, पण दोन-तीन दिवसांत संपवावी लागते. फराळासाठी सुके खोबरे किसून भाजतात व त्यात भाजलेली खसखस, थोडा भाजलेला रवा, पिठीसाखर, वेलची-जायफळ, चारोळी मिसळतात. सारणात ओल राहिली की पारी मऊ पडते, म्हणून सगळे कोरडे भाजून घ्यायचे. खव्याचे, पुरणाचे, तिळाचे सारणही करतात. तिखट करंजीत हिवाळ्यात ओले मटार भरतात. ती गरम असतानाच खायची, फराळाच्या डब्यात तिला जागा नाही.

पारीसाठी रवा-मैद्यात कडकडीत तुपाचे मोहन घालतात, दुधात घट्ट भिजवून मुरू देतात आणि मग पीठ कुटतात. साट्याच्या करंजीला आणखी एक पायरी असते. तूप व तांदळाची पिठी किंवा कॉर्नफ्लॉवर फेसून केलेला साटा एकावर एक ठेवलेल्या पोळ्यांना लावायचा, त्यांची गुंडाळी करायची आणि तिचे तुकडे कापून लाट्या घ्यायच्या. मंद आचेवर तळताना पदर सुटतात. चांद्रसेनीय कायस्थ प्रभू घरांतले खाजाचे कानवले हे या कलेचे टोक. त्यांची सर साध्या करंजीला नाही.

कडा दुधाने चिकटवून कातणीने कापतात. भरलेल्या करंज्या ओल्या फडक्याखाली ठेवाव्या लागतात, नाहीतर पारी सुकून तुपात फुटते आणि सांडलेले सारण जळून सगळे तूप काळे होते. फुटण्याच्या भीतीने सारण कमी भरले तर करंजीचा खुळखुळा होतो, आणि तो आवाज सासरी-माहेरी दोन्हीकडे ऐकू जातो. साच्याने काम झटपट होते खरे, पण सारण बेताचेच मावते.

महाराष्ट्राबाहेर हिची बहिणावळ मोठी. उत्तर भारतात होळीला खव्याची गुजिया करतात, बिहारात पिडुकिया. कर्नाटकात कर्जिकाई, आंध्र-तेलंगणात कज्जिकायलु आणि तमिळनाडूत सोमासी आहे. गुजरातेत गोड घूघऱ्याशिवाय चटणी घालून खायचा तिखट घूघराही मिळतो. गोव्यात नेवरी हिंदूंच्या चवथीला असते, तशी ख्रिस्ती घरांच्या कुस्वारात, म्हणजे नाताळच्या फराळातही. वसई-मुंबईकडच्या ईस्ट इंडियन समाजातही ती नाताळची आहे.

दिवाळीआधी आता बचत गट आणि घरगुती व्यावसायिक करंज्यांच्या ऑर्डरी घेतात; परदेशातल्या मुलाबाळांकडे फराळाची पार्सलेही जातात. त्यांत बहुधा सुक्या खोबऱ्याची साधी करंजीच असते. ओल्या नारळाची पोचेपर्यंत आंबते, आणि साट्याची पोचली तरी चुरा होऊन पोचते.