खलनायकाविना झालेला स्फोट : 'होप व्हॅली'मागचा खरा इतिहास

१/ सन १९१०. कॅनडाच्या पश्चिमेकडील डोंगराळ मुलुखात कोळशाच्या खाणीभोवती वसलेले एक गाव, कोल व्हॅली. खाणीतील स्फोटाने ४७ पुरुषांचा बळी घेतला आहे. मागे उरल्या आहेत त्यांच्या विधवा, त्यांची मुले आणि या मुलांना शिकवण्यासाठी शहरातून आलेली एक तरुण शिक्षिका. 'व्हेन कॉल्स द हार्ट' या कौटुंबिक मालिकेचा आरंभ असा होतो.

२/ ही मालिका ११ जानेवारी २०१४ पासून अमेरिकेत हॉलमार्क वाहिनीवर सुरू झाली. तिचा आधार म्हणजे जॅनेट ओक या कॅनेडियन लेखिकेची १९८३ सालची त्याच नावाची कादंबरी. शिक्षिका आणि घोडेस्वार पोलीस ही जोडी कादंबरीतली. परंतु कोळशाची खाण, तो स्फोट आणि विधवांची वस्ती ही मालिकाकारांची भर आहे. कोल व्हॅली नावाचे हे गाव काल्पनिक आहे. मात्र अशा गावांचा इतिहास काल्पनिक नाही, आणि तो मालिकेपेक्षा बराच कठोर आहे.

३/ रॉकी पर्वतरांगेत अल्बर्टा आणि ब्रिटिश कोलंबिया या प्रांतांच्या सीमेवर क्रोजनेस्ट पास नावाची खिंड आहे. १८९७-९८ मध्ये कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने या खिंडीतून लोहमार्ग नेला. वाफेच्या इंजिनांना कोळसा हवा होता. पश्चिमेकडील धातू वितळवणाऱ्या भट्ट्यांनाही हवा होता. पाहता पाहता फर्नी, फ्रँक, बेलव्ह्यू, हिलक्रेस्ट अशी गावे उभी राहिली. इटली, ब्रिटन, ऑस्ट्रिया-हंगेरीचे साम्राज्य अशा ठिकठिकाणांहून माणसे आली. मालिकेत सगळे गाव बहुतांशी इंग्रजीच बोलते. खऱ्या खाणीत मात्र एकाच पाळीत अनेक भाषा कानावर पडत.

४/ या खिंडीचा मृत्यूशी जुना परिचय होता. २२ मे १९०२ रोजी फर्नीजवळच्या कोल क्रीक खाणीत स्फोट झाला. १२८ माणसे गेली. २९ एप्रिल १९०३ च्या पहाटे टर्टल पर्वताचा कडा कोसळला आणि सुमारे दीड मिनिटात फ्रँक गावाचा एक भाग दगडांखाली गाडला गेला. त्या वेळी खाणीच्या आत अडकलेले १७ कामगार स्वतः वाट खणून जिवंत बाहेर आले. डिसेंबर १९१० मध्ये बेलव्ह्यूच्या खाणीत पुन्हा स्फोट झाला. मालिकेतला ४७ हा आकडा या यादीत ठेवून पाहिला, तर तो अतिशयोक्त वाटत नाही.

५/ सर्वांत मोठा आघात मात्र १९ जून १९१४ रोजी हिलक्रेस्टवर झाला. त्या सकाळी खाणीत २३५ माणसे उतरली होती. साडेनऊच्या सुमारास स्फोट झाला. ४६ जण वाचले, १८९ मेले. कॅनडाच्या इतिहासात कोळशाच्या खाणीतील याहून मोठी दुर्घटना झालेली नाही. मृतांत असाही एक होता, जो अकरा वर्षांपूर्वी फ्रँकच्या खाणीतून जिवंत बाहेर आला होता.

६/ हे घडले कसे? कोळशाच्या थरात मिथेन वायू कोंडलेला असतो. खणताना तो मोकळा होतो आणि हवेत ठरावीक प्रमाणात मिसळला की एका ठिणगीने पेटतो. एवढ्यावर थांबले, तर स्फोट एखाद्या भुयारापुरता राहतो. पण त्याच्या धक्क्याने जमिनीवर, भिंतींवर, लाकडी टेकूंवर साचलेली कोळशाची बारीक धूळ उडते. ती धूळही ज्वालाग्राही. एका भुयारातली धूळ पेटते, तिचा धक्का पुढच्या भुयारातली धूळ उडवतो आणि आग स्वतःच स्वतःला इंधन पुरवत पळते.

७/ आगीतून जो वाचतो, त्याला मागून येणारा वायू गाठतो. या ज्वलनात हवेतला प्राणवायू संपतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. हिलक्रेस्टमध्ये अनेकांचा जीव भाजून नव्हे, तर या वायूने गुदमरून गेला. शोधपथकांना काही मृतदेह असे सापडले, की माणूस नुसता झोपला आहे असे वाटावे.

८/ मालिकेत या प्रश्नाचे उत्तर एका माणसात सापडते. हेन्री गोवेन हा खाणीचा व्यवस्थापक पैशासाठी धोक्याच्या सूचना डावलतो आणि चौकशीत कंपनीचे पितळ उघडे पडते. कथेला असा माणूस लागतो. त्याला शिक्षा झाली की प्रेक्षकाचे समाधान होते. परंतु हिलक्रेस्टची खाण त्या परिसरातील सर्वांत सुरक्षित आणि उत्तम चालवलेल्या खाणींपैकी एक मानली जात होती. पहाटे निरीक्षकाने खाण फिरून तपासली होती. काही ठिकाणी वायू असल्याचे नोंदवलेही होते. तरीही पाळी नेहमीप्रमाणे उतरली.

९/ कारण थोडासा वायू हा त्या खाणींचा नित्याचा अनुभव होता. त्यापूर्वीचे दोन दिवस, कोळशाचा साठा मागणीपेक्षा जास्त झाल्यामुळे, काम बंद होते. दोन दिवस मजुरी बुडालेल्या कामगाराला तिसऱ्या दिवशी घरी बसणे परवडणारे नव्हते. खाणीत टनामागे मजुरी मिळे. कोळसा काढण्याखेरीज अन्य कशातही गेलेला वेळ कमाईतून वजा होई. धूळ दाबण्यासाठी पाणी मारणे, टेकू तपासणे ही कामे जीव वाचवणारी, पण टन न वाढवणारी. न्यायमूर्ती कार्पेंटर यांच्या चौकशीत वायू आणि धूळ यांनी स्फोट घडवल्याचे स्पष्ट झाले. पहिली ठिणगी कोठून आली, हे मात्र कधीच ठरवता आले नाही.

१०/ मृतदेह बाहेर आणून ओळख पटवण्याचे काम सुरू झाले. प्रत्येक कामगाराला क्रमांक कोरलेला पितळी बिल्ला दिलेला असे. जिथे चेहरा ओळखता येत नव्हता, तिथे त्या बिल्ल्यावरून नाव सांगितले गेले. मालिकेत प्रेमकथेचा नायक असलेला घोडेस्वार पोलीस प्रत्यक्षात इथे हजर होता. पण त्याचे काम छिन्नविच्छिन्न देह जुळवून, धुऊन, कफनात गुंडाळण्याचे होते. रविवारी, २१ जूनला, लांब चर खणून बहुतेकांना शेजारी शेजारी पुरण्यात आले.

११/ सुमारे हजार वस्तीच्या गावात जवळपास १३० स्त्रिया विधवा झाल्या आणि सुमारे ४०० मुले पितृहीन झाली. इथे मालिकेचे मोठे श्रेय मान्य करावे लागते. दुर्घटनेच्या सरकारी कागदांत वायूचे प्रमाण, भुयारांचे नकाशे, मृतांचे क्रमांक सापडतात; दुसऱ्या दिवशी चूल कशी पेटली, हे सापडत नाही. नवरा आणि मुलगा दोघेही गमावलेली अ‍ॅबिगेल स्टँटन हे पात्र तोच प्रश्न मध्यभागी आणते. घर कंपनीचे आहे. कमावता माणूस गेला, तर घरात राहण्याचा हक्क कोणता?

१२/ मालिकेत घर टिकवण्यासाठी या विधवा स्वतः खाणीत उतरतात. प्रसंग प्रभावी आहे, पण कॅनडाच्या इतिहासाला धरून नाही. ब्रिटनमध्ये स्त्रियांना भूमिगत कामाची बंदी १८४२ पासून होती आणि अल्बर्टातही कायद्याने तीच मनाई होती. त्याच साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला, भारतात, मात्र हे दृश्य रोजचे होते. इथे बंदी १९२९ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि १९३७ मध्ये पूर्ण झाली. दुसऱ्या महायुद्धात कोळसा कमी पडताच १९४३ मध्ये ती उठवली गेली. १९४६ मध्ये पुन्हा लागू झाली. विधवेने कुदळ उचलणे हा पडद्यावर धाडसाचा क्षण ठरतो. ज्या बायकांनी हे काम पिढ्यान्‌पिढ्या केले, त्यांच्यावर अशी मालिका झाली नाही.

१३/ हिलक्रेस्टच्या विधवांसाठी जी तरतूद होती, ती कोणाच्या हृदयपरिवर्तनातून आलेली नव्हती. अल्बर्टात १९०८ मध्ये कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला होता. युनायटेड माइन वर्कर्स या संघटनेचा अठरावा विभाग या खिंडीत पाय रोवून उभा होता. १९११ मध्ये त्याने सुमारे आठ महिने संप लढवला होता. पुढे १९१८ च्या कायद्याने मालकांच्या वर्गणीतून अपघात निधी उभा राहिला. चूक कोणाची, हे न्यायालयात सिद्ध करण्याचे ओझे खाणकामगारांच्या कुटुंबांवरून उतरले. खलनायक सापडो वा न सापडो, चूल पेटली पाहिजे, हे तत्त्व त्यातून मान्य झाले.

१४/ शोक करायलाही इतिहासाने फारसा वेळ दिला नाही. दफनानंतर अवघ्या सात दिवसांनी सारायेव्होत गोळ्या झाडल्या गेल्या. ऑगस्टमध्ये कॅनडा महायुद्धात उतरला. ऑस्ट्रिया-हंगेरीतून आलेले खाणकामगार एका रात्रीत 'शत्रुराष्ट्राचे नागरिक' ठरले. १९१५ मध्ये फर्नीत सहकाऱ्यांनीच त्यांच्याबरोबर काम करण्यास नकार दिला आणि शेकडो जणांची रवानगी स्थानबद्धता छावणीत झाली. एकाच भुयारात एकच हवा घेणारी माणसे पृष्ठभागावर येताच परकी झाली.

१५/ मालिकेत पुढे खाण बंद होते, लाकडाची गिरणी येते आणि कोल व्हॅलीचे नाव 'होप व्हॅली', म्हणजे आशेचे खोरे, असे होते. हिलक्रेस्टमध्ये नाव बदलले नाही. खाण पुन्हा सुरू झाली, कारण गावाला दुसरा रोजगार नव्हता. १९ सप्टेंबर १९२६ रोजी तिच्यात पुन्हा स्फोट झाला; त्या वेळी आत दोनच माणसे होती, म्हणून दोघेच मेले. १९३९ मध्ये ती कायमची बंद झाली.

१६/ कौटुंबिक मालिकेने आशा दाखवू नये, असे कोणी म्हणणार नाही. परंतु एका दुष्ट माणसाला हरवले की गाव सुरक्षित होते, ही समजूत इतिहासाच्या विद्यार्थ्याने तपासून घ्यावी. हिलक्रेस्टमध्ये निरीक्षक होता, नियम होते, नावलौकिक होता. नव्हती ती एकच गोष्ट : वायू दिसल्यावर काम थांबवणे कोणालाच परवडेल, अशी व्यवस्था.

१७/ योगायोग असा, की ही मालिका सुरू झाली ते २०१४ हे हिलक्रेस्टच्या स्फोटाचे शताब्दी वर्ष होते. त्या गावच्या दफनभूमीत कुंपण घातलेले ते लांबट चर आजही आहेत. मालिका आवडलेल्यांनी नकाशावर क्रोजनेस्ट पास शोधावा आणि हिलक्रेस्टच्या मृतांची यादी एकदा वाचावी. त्या नावांतून अर्धा युरोप समोर येतो.