शेजाऱ्याचे दार

निर्वासितांचा विषय निघाला की आपण चटकन राष्ट्रांना गुण देऊ लागतो. अमुक देश उदार, तमुक देश निष्ठुर! इतिहास जरा बारकाईने पाहिला तर ही वाटणी टिकत नाही. ऑस्ट्रिया आणि हंगेरी या शेजाऱ्यांची सरहद्द याची साक्ष देते. सुमारे साठ वर्षांच्या अंतराने त्या एकाच सरहद्दीवर निर्वासितांचे दोन लोंढे येऊन थडकले. त्या दोन्ही वेळी लोकमत कसे वळले, हे आपण पाहू.

23 ऑक्टोबर 1956 रोजी बुडापेस्टमध्ये उठाव झाला. 4 नोव्हेंबरला सोव्हिएट रणगाड्यांनी राजधानीवर चाल केली आणि तो चिरडला गेला. सरहद्दीवरचे सुरुंग त्याच वर्षी काढून टाकलेले होते, म्हणून पळणाऱ्यांना वाट मिळाली. आंडाऊ गावाजवळ कालव्यावर एक लहानसा लाकडी पूल होता. 21 नोव्हेंबरला तो उडवून देण्यात आला, तोपर्यंत सुमारे 70 हजार माणसे त्यावरून पार झाली होती. एकंदर 1 लक्ष 80 हजारांच्या आसपास लोक ऑस्ट्रियात आले. त्या देशाची वस्ती सत्तर लाखांची, आणि परकी फौजा जाऊन जेमतेम वर्ष झालेले. तरीही येणाऱ्या प्रत्येकाला आश्रय द्यावयाचा, असे गृहमंत्री ऑस्कर हेल्मर यांनी ठरविले. सरहद्दीवरच्या गावकऱ्यांनी शाळा मोकळ्या केल्या, कपडे दिले, चुली पेटविल्या.

पाहुण्याचे कौतुक तीन दिवसांचे, असे आपल्याकडे म्हणतात. ऑस्ट्रियातही काही महिन्यांतच सूर बदलला. हे लोक कृतघ्न आहेत, त्यांचे फार लाड होतात, आमच्या गरिबांना मात्र कोणी विचारीत नाही, अशी कुरकुर 1957 च्या प्रारंभी ऐकू येऊ लागली. तिच्यात थोडे तथ्यही होते. महायुद्धानंतर शेजारच्या देशांतून हाकलून दिलेले हजारो जर्मनभाषक अद्याप बराकींतच दिवस काढीत होते.

मग त्या कुरकुरीचा द्वेष का झाला नाही? आमच्या मते याचे उत्तर ऑस्ट्रियन स्वभावापेक्षा आगगाड्यांत शोधावे. 1956 हे वर्ष संपेपर्यंत आलेल्यांपैकी सुमारे निम्मे लोक इतर देशांत रवानाही झाले होते. अमेरिका आणि कॅनडा यांनी प्रत्येकी 35 हजारांहून अधिक हंगेरियन सामावून घेतले. ऑस्ट्रियात कायमचे राहिले ते दहांत एक. ओझे वाटले गेले म्हणून माया टिकली.

आता 2015 सालाकडे वळू. सीरिया, अफगाणिस्तान, इराक येथून निघालेले लोक हंगेरीत पोचले. सप्टेंबरात बुडापेस्टच्या केलेती स्थानकातून शेकडो जण ऑस्ट्रियाच्या दिशेने पायीच निघाले. ज्यांच्या बापजाद्यांसाठी 1956 साली शेजाऱ्याने दार उघडले, त्याच हंगेरीने सर्बियाच्या सरहद्दीवर 175 किलोमीटरचे कुंपण घातले. छपन्न सालचे निर्वासित निराळे आणि हे निराळे, असे तेथील सरकारचे म्हणणे. पण त्याच स्थानकात या लोकांना अन्नपाणी देणारेही सामान्य हंगेरियनच होते, हे विसरून चालणार नाही.

आणि ऑस्ट्रिया? व्हिएन्नाच्या पश्चिम स्थानकावर नागरिकांनी या लोकांचे टाळ्यांनी स्वागत केले. गाड्या जर्मनीकडे जात होत्या, तोवर ते सोपे होते. परंतु त्या वर्षात सुमारे 88 हजार जणांनी ऑस्ट्रियातच आश्रय मागितला. जानेवारी 2016 मध्ये सरकारने त्या वर्षासाठी 37,500 ची मर्यादा जाहीर केली. या वेळी युरोपातील अनेक देशांनी ओझे वाटून घेण्याचे नाकारले होते. 2 ऑक्टोबर 2016 रोजी हंगेरीत याच प्रश्नावर सार्वमत झाले. मतदान अपुरे पडल्याने ते वैध ठरले नाही. तथापि वैध मतांपैकी 98 टक्के निर्वासितांची सक्तीची वाटणी नको, असे सांगणारी होती.

यावरून माणसाची करुणा लटकी असते असे अनुमान कोणी काढील, तर ते आम्हांस मान्य नाही. गावकऱ्यांनी पेटविलेल्या चुली खऱ्याच होत्या. पण करुणा एकट्याच्या खांद्यावर फार दिवस उभी राहत नाही, आणि बापाने सोसलेले दुःख मुलाला आपोआप शहाणपण देत नाही. म्हणून शेजारधर्म केवळ मनाच्या भरवशावर सोडून चालत नाही. पहिल्या दिवसाचा उमाळा ओसरण्यापूर्वीच भार कोणी किती उचलावयाचा हे ठरवावे लागते. छपन्न साली ते ठरले. पंधरा साली ठरले नाही. दोन्ही वेळच्या लोकांत फरक होता तो बहुधा एवढाच.